हार खरी पाहिजे

कुंडलच्या मैदानातून परतताना बरोबरीत सुटलेल्या कुस्तीबद्दल कुणी बोलत नाही. जीपमध्ये दाटीवाटीनं बसलेली, मोटरसायकलवर तिघं तिघं चढलेली माणसं बोलतात ती पाठ लागलेल्या कुस्तीबद्दल. कुणाची ढाक बसली, कुणाचा घिस्सा, कोण दम संपल्यावर गेला. अर्धा तास नुसती खडाखडी होऊन पंचांनी सोडवलेली जोड किर्लोस्करवाडी स्टेशन येईपर्यंत विसरली जाते. आणि कुस्ती नुरा आहे, म्हणजे आधीच ठरवून केलेली आहे, असा नुसता वास आला तरी बसलेलं मैदान उठून उभं राहतं. हरणाऱ्यावर मात्र कुणाचा राग नसतो. चांगला लढून पडलेल्या पोराला फेटेवाले म्हातारे जवळ बोलावतात, पाठीवरची माती झटकतात आणि मुठीत नोट कोंबतात.

हे लिखाण कुस्तीवर नाही. ते ‘डार्क सोल्स’ नावाच्या जपानी व्हिडिओ गेमवर आहे, आणि गेमपेक्षाही तो खेळणाऱ्यांवर. पडकी राज्यं, मरण हरवून बसलेली माणसं, राक्षस, ड्रॅगन आणि विझत चाललेली एक आग, असल्या अद्भुत जगातला हा खेळ अवघड म्हणून बदनाम झाला आणि त्याच बदनामीवर खपला. तिन्ही भागांचा मिळून खप २.७ कोटी प्रतींवर गेल्याचं मे २०२० मध्ये जाहीर झालं. या सगळ्या काळात चाहत्यांचं त्याच्यावरचं प्रेम कितीदा तरी पालटलं. आधी कौतुक, मग मिजास, मग भांडणं, मग कंटाळा, आणि शेवटी जुन्या घराबद्दल वाटते तसली माया. लोक म्हणतात, हे चाहते अवघडपणावर भाळले. मला ते पटत नाही. मैदानातल्या म्हाताऱ्यांना जे हवं असतं तेच यांनाही हवं होतं, एवढंच मला सांगायचं आहे.

२०१८च्या दिवाळीत पुतण्या कॉलेजच्या सुट्टीला सांगलीहून गावी आला तो जुनं ग्राफिक्स कार्ड घालून जुळवलेला कॉम्प्युटर घेऊनच. सोप्यात टेबल मांडलं. पडद्यावर तुरुंगातून सुटलेला एक कैदी, हातात मोडक्या तलवारीची नुसती मूठ. मोठं दार ढकलून तो दालनात शिरला, तर वरून धप्पदिशी एक ढेरपोट्या राक्षस पडला. त्याच्या हातात बुंध्याएवढा सोटा. पुतण्या त्या मुठीनंच भिडला. दोन फटक्यांत खलास. काळ्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली, ‘यू डाइड’. परत गेला, परत तेच. पाच-सहा खेपा झाल्या. आई पलीकडं लसूण सोलत बसली होती. ती मान वर न करता म्हणाली, “त्या कडंला दार हाय की रं उघडं.”

खरंच होतं. तिथं लढायचंच नव्हतं, पळायचं होतं. पुढं गेल्यावर नीट हत्यार मिळतं, जिना चढता येतो, आणि मग वरच्या सज्जातून त्याच राक्षसाच्या टाळक्यावर उडी घेता येते. लढणाऱ्याला दार दिसत नाही, बघणाऱ्याला दिसतं. मैदानात कडेला बसून “पट काढ, पट काढ” ओरडणाऱ्यांचं तेच असतं.

थोड्या वेळानं तिनं जेवायला हाक मारली. “थांबव ते, भाकरी गार व्हायलीय.”

“थांबत न्हाई आज्जी ह्यो.”

तिला वाटलं पोरगं टाळतंय. पण ते खरं होतं. डार्क सोल्समध्ये खेळ मधेच थांबवायची सोयच नाही. सामान काढायला पिशवी उघडली तरी शत्रू चालत येतोच. शिवाय गेम दर थोड्या वेळानं स्वतःच नोंद करून ठेवतो, त्यामुळं ‘आधीची जागा उघडून पुन्हा खेळू’ ही पळवाट नाही. चूक झाली ती झाली.

आता या खेळाचं पोट जरा उघडून बघू. पडद्यावर वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात. लाल पट्टी जिवाची, हिरवी दमाची. प्रत्येक वार, प्रत्येक उडी, ढालीवर झेललेला प्रत्येक फटका हिरव्या पट्टीतून वजा होतो आणि हात आखडता घेतला की ती हळूहळू भरते. नवखा खेळाडू शत्रू समोर दिसला की सपासप वार करत सुटतो. हिरवी पट्टी रिकामी होते, नेमका तेव्हाच शत्रू हात उगारतो आणि चुकवायला अंगात दम उरलेला नसतो. तालमीत वस्ताद पहिल्या महिन्यात जे शिकवतो ते हेच. सगळा जोर पहिल्या झटापटीत घालवू नको, श्वास राखून धर, समोरच्याचा दम जाऊ दे.

शत्रूही फसवे नाहीत. जवळजवळ प्रत्येक जण वार करण्याआधी काहीतरी खूण देतो, खांदा मागं घेतो, पाय रोवतो, गुरगुरतो. ती खूण ओळखायला शिकलं की तोच राक्षस संथ वाटू लागतो. मेलात की वाटेत गाठलेल्या शेवटच्या शेकोटीपाशी पुन्हा उठता. मारलेले शत्रू पुन्हा आपापल्या जागी उभे असतात. तुमची कमाई, म्हणजे मारलेल्यांचे ‘सोल्स’, तुम्ही पडलात त्या जागी राहते. तिथवर पुन्हा पोचलात तर ती परत मिळते. वाटेत पुन्हा मेलात तर कायमची गेली. एकच संधी. हा नियम निर्दय आहे, पण तो पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत तोच राहतो, आणि शत्रूच्या वारापुढं तुम्ही कुठं चुकलात हे मरताना तुम्हाला कळलेलं असतं. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. पुतण्या मरायचा तेव्हा गेमला शिव्या घालत नव्हता. स्वतःला घालत होता.

गेम बनवणारी फ्रॉमसॉफ्टवेअर ही टोकियोची कंपनी १९८६ साली सुरू झाली ती कार्यालयांसाठी सॉफ्टवेअर लिहिण्यासाठी. तिचा पहिला गेम ‘किंग्ज फील्ड’ १९९४ साली आला. हिदेताका मियाझाकी हा माणूस तिथं २००४ मध्ये आला, तेव्हा त्याची तिशी जवळ आली होती. आधीची सॉफ्टवेअर कंपनीतली चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यानं कमी पगारावर हे काम धरलं, कारण ‘इको’ नावाचा एक गेम त्याच्या मनात बसला होता. लहानपणी घरची परिस्थिती बेताची. इंग्रजी अद्भुतकथांची पुस्तकं त्याला अर्धीमुर्धीच कळायची, आणि न कळलेल्या जागा तो चित्रांवरून मनानं भरायचा. पुढं त्यानं गोष्ट सांगायची रीत तीच ठेवली. डार्क सोल्समध्ये कुणी समोर बसून कथा सांगत नाही. एखाद्या अंगठीच्या वर्णनात दोन ओळी, एखाद्या प्रेताच्या हातात एक चावी, एखाद्या पुतळ्याची मोकळी जागा. बाकीचं तुम्ही जोडायचं. त्या जोडाजोडीवर यूट्यूबवर तासन्‌तास बोलणारी मंडळी पुढं तयार झाली आणि त्यांचेही चाहते तयार झाले.

कंपनीत एक गेम अडखळला होता आणि कुणालाच त्याच्याकडून आशा नव्हती. मियाझाकीनं तो मागून घेतला. फसणारच असेल तर मनासारखा करून बघायला हरकत काय, असा त्याचा हिशेब. तो गेम म्हणजे ‘डीमन्स सोल्स’. फेब्रुवारी २००९ मध्ये तो जपानात आला. प्रकाशक सोनीचे वरिष्ठ अधिकारी शुहेई योशिदा यांनी अपुऱ्या अवस्थेतली प्रत दोनेक तास खेळून पाहिली होती. सुरुवातीचा भागही त्यांना ओलांडता आला नाही आणि गेम त्यांना टाकाऊ वाटला. सोनीनं तो जपान आणि आशियाबाहेर काढलाच नाही. अमेरिकेत तो ॲटलस नावाच्या दुसऱ्याच प्रकाशकानं आणला. ती चूक होती हे योशिदांनी पुढं मोकळेपणानं कबूल केलं. पहिल्या आठवड्यातला खप किरकोळ होता, पण लोक एकमेकांना सांगत गेले, बाहेरदेशीचे लोक आशियातल्या प्रती मागवू लागले. चाहत्यांचं पहिलं प्रेम हे असं होतं, आडगावात भारी पैलवान बघून आल्यासारखं. बघितलेला दहा जणांना सांगतो आणि दहांतले नऊ जण विश्वास ठेवत नाहीत.

मग त्याच घडणीचा डार्क सोल्स २०११च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आला आणि ते गुपित राहिलं नाही. ही आवृत्ती कॉम्प्युटरवरही हवी म्हणून चाहत्यांनी अर्जावर सह्या गोळा केल्या, नव्वद हजारांच्या वर. प्रकाशक बान्दाई नामकोनं ऐकलं आणि ऑगस्ट २०१२ मध्ये कॉम्प्युटरवरची प्रत आली. पण चित्र अस्पष्ट, कमी ठिपक्यांत जखडलेलं, माऊसची तऱ्हा विचारू नका. त्याच दिवशी एका चाहत्यानं स्वतः लिहिलेला छोटा प्रोग्रॅम फुकट वाटला आणि चित्र स्वच्छ झालं. कंपनीच्या पैलवानाला प्रेक्षकानं लंगोट कसून दिल्यासारखं.

त्या प्रतीचं नावच ‘प्रिपेअर टू डाय’ होतं, मरायची तयारी ठेवा. माझ्या मते घोटाळा इथं सुरू झाला. जाहिरातीनं अवघडपणाचाच झेंडा केला आणि चाहत्यांनी तो खांद्यावर घेतला. कुणी अडलं आणि मदत मागितली की ठराविक उत्तर मिळायचं, ‘गिट गुड’, म्हणजे आधी शहाणा होऊन ये. आमच्याकडं तालमीचं तोंड न बघितलेली माणसं मैदानात जशी सगळ्यात मोठ्यांदा ओरडतात, तसंच. मियाझाकी मात्र वर्षानुवर्षं एकच सांगत आला आहे. खेळ अवघड करणं हा त्याचा हेतू नाही. अडचण ओलांडल्यावर होणारा आनंद त्याला हवा आहे आणि अडचण त्यासाठी लागते.

खुद्द पहिल्या डार्क सोल्समध्ये याचा पुरावा आहे. त्यात ऑर्नस्टीन आणि स्मॉ अशी जोडगोळी आहे, एक चपळ भालेवाला, एक धिप्पाड हातोडेवाला. दोघं एकदम अंगावर येतात. कित्येकांनी तिथं रात्री घालवल्या, आणि आजही त्या लढाईचं नाव निघालं की चाहते हळवे होतात. त्याच गेममध्ये शेवटाकडं ‘बेड ऑफ केऑस’ आहे. तिथं पायाखालची जमीन अचानक कोसळते, झाडासारख्या राक्षसाचा हात तुम्हाला खड्ड्यात लोटतो, आणि तुम्ही काय चुकलात याचा पत्ता लागत नाही. तिथं दम राखून उपयोग नाही, खूण ओळखून उपयोग नाही. जोडगोळीपेक्षा या झाडाशी कमी वेळ झुंजावं लागतं. तरी त्याच्याबद्दल प्रेमानं बोलणारा मला भेटलेला नाही. नुसत्या अवघडपणावर प्रेम असतं तर दोन्हींवर सारखंच असतं.

मार्च २०१४ मध्ये दुसरा भाग आला आणि चाहत्यांत उभी फूट पडली. मियाझाकी तेव्हा ‘ब्लडबोर्न’ या दुसऱ्या गेमच्या कामात होता. दुसऱ्या भागाचं दिग्दर्शन दुसऱ्यांकडं होतं आणि तो देखरेखीपुरता. तक्रारींची यादी लांबलचक होती. आधी दाखवलेल्या दृश्यांतला अंधार-उजेडाचा खेळ विक्रीच्या प्रतीत फिका पडला होता. प्रत्येक मरणागणिक जिवाची पट्टी आखूड होत जायची. एकच शत्रू डझनभर वेळा मारला की तो पुन्हा उठायचाच नाही.

पण खरी ठिणगी मला दुसरीकडंच दिसते. या गेममध्ये कोलांटी मारून वार चुकवताना काही क्षण असे असतात की त्यात मार लागतच नाही. पहिल्या भागात हे क्षण अंगावरच्या चिलखत-हत्यारांच्या वजनावर ठरत. जड चिलखत, जड कोलांटी, डोळ्यांना दिसायचं. दुसऱ्या भागात ते मुख्यतः ‘अडॅप्टेबिलिटी’ नावाच्या एका आकड्यावर टांगले, आणि तो आकडा काय करतो हे नवख्याला उमगायचं नाही. डोळ्यांना दिसायचं की वार चुकला, आणि तरी जीव जायचा. पैलवानाला असं वाटावं की आपली पाठ लागलीच नाही आणि पंचानं शिट्टी मारावी. त्या रागाला लोकांनी ‘गेम सोपा झाला’, ‘गेम अवघड झाला’ अशी दोन्ही नावं दिली. एकाच गेमबद्दल दोन उलट तक्रारी एकदम होऊ लागल्या की समजावं, दुखणं तिसरंच आहे.

गंमत म्हणजे पुढच्या काळात याच दुसऱ्या भागाकडं बरेच चाहते परत वळले. त्यातलं मजुला नावाचं समुद्रकाठचं गाव, तिथली मावळतीची किरणं, हत्यारांची विविधता यांची आठवण काढू लागले. मैदानात ज्याला हुर्यो मिळाली त्याच पैलवानाचा म्हातारपणी सत्कार होतो, तसं.

पहिल्या भागाची आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. त्यात अर्धा खेळ होईपर्यंत एका जागेवरून दुसऱ्या जागी झटकन उडी घ्यायची सोय नाही, सगळं पायी. तटबंदी, मनोरे, गल्ल्या पार करत तुम्ही एका पडक्या चर्चपर्यंत चढता, घर फार मागं राहिलंय असं वाटतं. तिथं एक लिफ्ट सापडते. ती खाली, आणखी खाली उतरते, दार उघडतं, आणि समोर तीच ओळखीची शेकोटी, जिथून तुम्ही निघाला होतात. लहानपणी आम्ही झरी पार्श्वनाथाच्या डोंगरात भटकायचो, वाट चुकली म्हणून रडकुंडीला यायचो, आणि एका वळणावर एकदम आपल्याच गावाची कौलं खाली दिसायची. ती छातीतली धडधड मला चाळिशी उलटल्यावर पुतण्याच्या खुर्चीमागं उभं राहून पुन्हा भेटली. पुढच्या भागांत पहिल्यापासूनच शेकोटीवरून शेकोटीवर जाता येऊ लागलं. सोय झाली, पण जुनी मंडळी अजून त्या लिफ्टचं नाव काढून उसासा टाकतात.

तिसरा भाग २०१६चा. तो मियाझाकीचा होता, देखणा होता, आणि त्यात जुन्या जागा पुन्हा येत होत्या. त्या जोडगोळीचं सोनेरी शहर इथं गारठलेलं, ओसाड. काही जणांचे डोळे पाणावले, काहींना वाटलं हे आता आपल्याच आठवणी आपल्याला विकतायत. पुढच्या वर्षी शेवटची भर घालून ही मालिका त्यांनी तिथंच सोडली. मोठं होत असताना बंद करणं हा मला कंपनीचा मोठेपणा वाटतो. आपल्याकडच्या मालिकावाल्यांनी यावर विचार करावा, पण ते करणार नाहीत.

नंतर त्याच कंपनीचा ‘सेकिरो’ आला, मार्च २०१९ मध्ये, आणि वाद पेटला. यात मदतीला कुणाला बोलावता येत नाही, ताकद वाढवून आडवाट काढता येत नाही. तलवारीला तलवार भिडवायची, नेमक्या क्षणाला. या गेमला सोपी पातळी असावी की नसावी? एक बाजू म्हणाली, कलाकृती आहे तशी घ्या. दुसरी म्हणाली, ज्यांचे हात थरथरतात, ज्यांना नीट दिसत नाही, त्यांनी काय करायचं? मी दुसऱ्या बाजूचा आहे, जरा बिचकत. मातीतून मॅटवर जाताना आपल्याकडं असंच झालं. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मॅट आणि तिथले नियम त्यांना नवखे होते, सहावे आले. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच मॅटवर त्यांनी कांस्यपदक घेतलं. मॅटची कुस्ती आज सहा मिनिटांची, गुणांची. मातीवाले तिला आजही नाकं मुरडतात. पण म्हणून खाशाबांचं पदक कुणी हलकं म्हटल्याचं ऐकलं नाही. नियम बदलले तरी लबाडी नव्हती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

याच कंपनीच्या ‘एल्डन रिंग’नं २०२२ मध्ये दारं सताड उघडली. त्यातल्या जगाच्या पूर्वकथेचं काम कादंबरीकार जॉर्ज आर. आर. मार्टिन यांचं. तीन आठवड्यांच्या आत १.२ कोटी प्रती गेल्या. यात एका राक्षसापाशी अडलात तर घोड्यावर बसून दुसरीकडं जा, मजबूत व्हा, परत या. शिवाय घंटा वाजवून मेलेल्यांचे आत्मे मदतीला बोलावता येतात. लगेच जुन्यांची कुजबुज सुरू झाली, आत्मे बोलावून जिंकलं ते जिंकणं कसलं? आणि तेच जुने लोक जून २०२४ मध्ये त्याची पुरवणी ‘शॅडो ऑफ द एर्डट्री’ आल्यावर ‘हे फारच झालं’ म्हणून कुरकुरू लागले. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरच्या अभिप्रायांत सुरुवातीला नाराजी इतकी होती की कंपनीनं सुधारणा करून खेळाडूंना मिळणारं बळ वाढवलं, आणि पुढं शेवटच्या शत्रूलाही आवरलं. नाराजीत एक मुद्दा वारंवार यायचा. शत्रू इतक्या लांबलचक आणि वेगवान वारांनी येतो की त्याची खूण वाचायला वेळच मिळत नाही. म्हणजे पुन्हा तेच. हरायला कुणाचीच ना नव्हती. हरताना शिकायला मिळत नव्हतं.

या सगळ्या भांडणांत एक गोष्ट भांडणाचा मुख्य विषय कधी झाली नाही, आणि ती मला या मालिकेचा गाभा वाटते. मियाझाकी एकदा गाडीनं निघाला होता. चढ होता, बर्फ पडत होता, आणि पुढच्या गाड्या घसरून अडकल्या. मागच्या गाडीनं पुढच्या गाडीला ढोसत, ढकलत वर काढायचं, असं करत सगळे चढू लागले. त्याचीही गाडी वर गेली. पण थांबून मागच्याचे आभार मानावेत तर पुन्हा अडकायची भीती. तो तसाच निघून गेला, आणि रांगेतल्या शेवटच्या माणसाचं काय झालं असेल हा विचार त्याच्या डोक्यातून गेला नाही. आमच्या भागात गळीत हंगाम सुरू झाला की उसाची ट्रॉली चढाला अडकते आणि रस्त्यानं जाणारे येणारे, नावगाव न विचारता, खांदा लावतात. ट्रॅक्टरवाला मागं बघत नाही. बघितलं तर ट्रॉली मागं येईल.

त्या बर्फातून या गेममधली मदतीची रीत आली. जमिनीवर खूण लिहून ठेवायची. जगाच्या पाठीवर कुणीतरी अडलेला असतो, त्याला त्याच्या जगात ती चमकताना दिसते, तो तिला हात लावतो आणि तुम्ही त्याच्या शेजारी उभे राहता. बोलायची सोय नाही, फक्त हातवारे. राक्षस पडला की तुम्ही विरघळून आपल्या जगात परत. जमिनीवर रक्ताचे डागही दिसतात. हात लावला की तिथं मेलेल्या अनोळखी खेळाडूचे शेवटचे काही क्षण लाल भुतासारखे दिसतात. कड्यावरून पडला, मागून वार बसला. दुसऱ्याच्या हरण्यातून शिकायची सोय.

२०२२ मध्ये एल्डन रिंगमधल्या मलेनिया या भयंकर शत्रूपाशी अडलेल्यांना एक मदतनीस भेटू लागला. अंगावर लंगोटीवजा कापड, डोक्यावर मडकं, हातात दोन तलवारी. तो आल्यावर यजमानानं नुसतं बाजूला उभं राहायचं. तो एकटाच तिला आडवी करायचा. हजारावर वेळा त्यानं हे केलं आणि प्रकाशकांनी त्याला खरी तलवार भेट पाठवली. दहा वर्षांपूर्वी ‘शहाणा होऊन ये’ म्हणणाऱ्या गोतावळ्याचा सगळ्यात लाडका नायक मदत करणारा निघाला.

नोव्हेंबर २०२१ मध्ये गोल्डन जॉयस्टिक पुरस्कारांत लोकांनी डार्क सोल्सला आजवरचा सर्वश्रेष्ठ गेम ठरवलं. आणि दोनच महिन्यांनी, जानेवारी २०२२ मध्ये, कॉम्प्युटरवरचे त्याच्या सगळ्या भागांचे सर्व्हर बंद झाले. एका त्रुटीमुळं अनोळखी खेळाडू तुमच्या कॉम्प्युटरवर स्वतःचा प्रोग्रॅम चालवू शकत होता. एकट्यानं खेळता येत होतं, पण खुणा नाहीत, डाग नाहीत, भुतं नाहीत. चाहत्यांना तेव्हा कळलं की आपण रिकाम्या राज्यात कधी फिरलोच नव्हतो. वर्ष सरता सरता एकेक भागाचे सर्व्हर परत आले, पहिल्या भागाचे त्याच्या नव्या प्रतीवर. ज्या मूळ प्रतीसाठी नव्वद हजारांनी सह्या केल्या होत्या, तिचे मात्र आले नाहीत.

पुतण्या आता पुण्यात नोकरीला आहे. गेल्या गणपतीत आला तेव्हा रात्री सोप्यात तोच जुना कॉम्प्युटर लावून बसला होता. स्वतःचा खेळ पुढं नेत नाही तो आता. त्या जोडगोळीच्या दाराबाहेर खूण लिहितो आणि वाट बघतो. कुणी बोलावलं की जातो, हातोडेवाल्याला आपल्या अंगावर घेतो, म्हणजे आतल्याला भालेवाल्याशी नीट लढता येतं. दहा मिनिटांनी तसलंच एक बोलावणं आलं. आतला कच्चा होता, दोनदा मरता मरता वाचला, पण राखून खेळला. हातोडेवाला आडवा झाला, मग दुसराही. पडद्यावरचा तो अनोळखी चिलखतवाला यांच्याकडं वळला आणि कमरेत वाकला. यानंही वाकून दाखवलं, आणि विरघळला.

आई शेजारी बसून बघत होती.

“कुठला रं त्यो?”

“काय म्हाईत.”

“इचारायचं तरी.”

“इचारता येत न्हाई आज्जी. वाकायचं नुसतं.”

तिनं मान हलवली, आणि चष्मा सारखा करून पडद्याच्या कोपऱ्यात पुन्हा कुठं दार उघडं आहे का ते बघू लागली.